नेमकं काय बघायचंय

आबांनी दिवा लावला आणि फाटक वाजलं. एवढंच झालं होतं, पण आपल्या हातून काहीतरी फुटलंय आणि काय फुटलं ते सापडत नाही असं त्यांना दिवसभर वाटत राहिलं. रोज ते उजाडायच्या आधी उठत, अंधारातच चहा टाकत, अंधारातच खुर्चीत बसून पीत. त्या पहाटे पायावरून काहीतरी गेल्यासारखं वाटलं, पाल असेल, नसेलही, आणि भिंतीवर चाचपणारा हात आतल्या दिव्याऐवजी बाहेरच्या दिव्याच्या बटणावर पडला. अंगणात पांढरा उजेड सांडला. खाली ओढलेली जास्वंदीची फांदी सपकन वर गेली, कुणीतरी धावलं, कडी लोखंडावर आपटली. 'कोण आहे?' असं विचारायला हवं होतं. आबांच्या घशातून खोकला निघाला. ते बाहेर गेले तेव्हा रस्ता रिकामा होता, आणि फाटकाच्या आत, खांबाला लागून, एक चप्पल होती. निळ्या पट्ट्याची, टाचेशी झिजलेली, बायकी. पळताना पायातून सुटलेली चप्पल अशी पडत नाही. ही नीट काढून ठेवलेली होती, बोटांची बाजू रस्त्याकडे. जोडीतली दुसरी जाताना हाताला लागली असणार, ही राहिली. आबा तिच्याकडे बघत उभे राहिले. चोर चपला काढून आत येतो का, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि फाटकाची कडी लावली.

सकाळी पुण्याहून प्रबुद्धचा फोन आला. मुलाचा फोन रोज यायचा आणि रोज आबांना धास्ती असायची की आज बोलायचं काय. जेवलात का, जेवलो. गोळी घेतलीत का, घेतली. मग मधली ती शांतता, जिच्यात त्यांची बायको चंद्राबाई असती तर तिने फोन ओढून घेतला असता. आज सांगण्यासारखं काहीतरी होतं म्हणून आबांनी सांगितलं, आणि सांगून झाल्यावर त्यांना कळलं की हे सांगायचं नव्हतं. प्रबुद्धचा आवाज एकदम ऑफिसातला झाला. म्हणाला, आबा, आता दोनच गोष्टी. एक तर बाहेर कॅमेरे लावा, मला इथे दिसेल असे. नाहीतर घराला कुलूप लावून तुम्ही इकडे या. ह्यात तिसरं काही नाही. आबांनी तिसरं काही आहे का ते बराच वेळ शोधलं. पुण्याचं घर त्यांनी पाहिलं होतं. सून चांगली, नातवंडं चांगली, पण पुस्तकं लिफ्टने वर न्यावी लागतील आणि खाली उतरून आलं की जमीन आपली नसेल. ते म्हणाले, लावू कॅमेरे. प्रबुद्ध म्हणाला, लालासाहेबकाकांना सांगतो, त्यांच्याकडे आहेतच. त्यांच्या मोबाइलवरही तुमचं अंगण दिसू दे, काही झालं तर ते पाच पावलांवर आहेत.

लालासाहेब शेजारचा. फौजेतून सुभेदार होऊन आलेला, कवठ्याकडे ऊस, सांगलीत हा बंगला. विश्रामबागच्या मागची ही वसाहत नवीन असताना आबांशी आपण होऊन पहिला बोललेला माणूस तोच, आणि आबांच्या घरी चहा पिणाराही तोच. फौजेत एका ताटात जेवायची सवय लागती सर, असं तो त्या वेळी म्हणाला होता, आणि आबा त्यावर हसले होते. हसावं की नाही हे तेव्हाही कळलं नव्हतं. आता तो तासाभरातच हजर झाला, चप्पल बघितली, तिला पायाने उलटी केली, सुलटी केली आणि आबांकडून प्लास्टिकची पिशवी मागून तिच्यात घातली. "आवं सर, ह्यो पुरावा हाय," तो म्हणाला. "बाई हाय म्हंजी टोळी असणार. पुढं बाईला धाडत्यात, मागनं गडी." मग पिशवी ओट्यावरच्या खिळ्याला अडकवून, हात झटकत, तो गमतीने म्हणाला, "दीस वाईट आल्यात बगा. आमच्या हिचीबी चप्पल गेली देवळातनं. आन् एकच नेली, बोला. लंगडा चोर असंल." आणि स्वतःच्याच विनोदावर खूष होऊन, पिशवीकडे पाठ करून, तो कॅमेरेवाल्याला फोन लावू लागला.

आबांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग वाटलं, बरोबर ऐकलं पण अर्थ चुकीचा लावतोय. आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात त्यांनी पुस्तकं त्यांच्या त्यांच्या जागी लावली होती. पुस्तक उघडून दोन पानं वाचली की ते कुठल्या कपाटात जायचं हे त्यांना कळायचं. माणसांचं मात्र कधी कळलं नाही. एखादी गोष्ट समोर घडायची, तिचं काहीतरी साधं कारण त्यांना सांगितलं जायचं, आणि ते ती गोष्ट त्या कारणाखाली लावून टाकायचे. म्हसवडच्या बाजूच्या त्यांच्या गावात, लहानपणी, वडील त्यांना घेऊन बाजाराला निघाले की वरच्या आळीच्या तोंडाशी थांबत, पायातल्या चपला काढून हातात घेत, आणि आळी संपली की पुन्हा घालत. त्यांनी एकदा विचारलं होतं, बा, चपला हातात कशाला? वडील म्हणाले होते, "झिजत्यात रं." आणि आबांना ते पटलं होतं. वडील काटकसरी आहेत ह्याचा त्यांना अभिमान होता, बराच काळ. पुढे शिकताना, वसतिगृहाच्या खोलीत, कुणाच्या तरी आठवणी वाचताना एका वाक्याशी ते थांबले. ते वाक्य अशाच एका वरच्या आळीबद्दल होतं, जिथून त्यांच्यासारख्यांना पायात चपला घालून जायची मुभा नव्हती. म्हणजे जे आपल्या डोळ्यांसमोर होतं ते आपल्याला पुस्तकातून कळलं. तेव्हापासून आपण जे बघतो त्यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता, आणि असला माणूस आता बघण्याचं यंत्र निवडणार होता.

कॅमेरेवाला पृथ्वीराज कुपवाडहून आला. तरतरीत, बोलका, बुटांना वर्कशॉपचं काळं तेल. त्याने ओट्यावर खोकी मांडली. लांबट असतो तो बुलेट, घुमटासारखा तो डोम, मान वळवणारा तो वायफायचा. रात्रीही रंगीत दिसतो तो हा, माणूस आला की मोबाइलवर घंटा वाजवतो तो हा, आणि हा स्वतःच बोलतो, काका, हिंदीत, ऐका. खोक्यातून एक बाई कडक आवाजात म्हणाली की आप पर नज़र रखी जा रही है. आबा खुर्चीत जरा मागे सरकले. लालासाहेबाला हा फार आवडला. आबांनी माहितीपत्रकं मागून घेतली आणि दोन दिवस ती वाचली, शिसपेन्सिलीने खुणा करत, आणि जितकं वाचलं तितकं गढूळ होत गेलं. किती अंशांचा कोन, किती अंतर, पावसात टिकेल का, तारेचा बरा की बिनतारी. सगळे शब्द समजत होते आणि निवड होत नव्हती. पृथ्वीराज पुन्हा आला तेव्हा त्याने पत्रकं बाजूला सारली आणि अगदी साधेपणाने विचारलं, "काका, हे सगळं सोडा. तुम्हाला नेमकं काय बघायचंय?"

आबा बाजूला सारलेली पत्रकं पुन्हा एकावर एक लावू लागले. पृथ्वीराजने मदत म्हणून सांगितलं की कुणाला गाडी बघायची असते, कुणाला कामवाली कधी आली ते, जतकडच्या एका पार्टीला नुसता पाण्याचा टँकर आला का ते बघायचं होतं. लालासाहेब म्हणाला, ह्यात इचारायचं काय, झाड आन् फाटक, तिथंच तर चोर येतो. आबांनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची हे त्यांनाही सांगता आलं नसतं, पण पृथ्वीराजने ती होकाराची धरली.

झाड. ते चंद्राबाईने लावलेलं. वसाहतीत राहायला आले त्या पावसाळ्यात तिने कुठूनशी काडी आणून खोचली आणि दोन वर्षांत ती फाटकावर झुकली. तेव्हा संक्रांतीचं हळदीकुंकू पलीकडच्या गल्लीपर्यंत जायचं आणि त्यांच्या फाटकाशी येऊन वळायचं. सरतापे हे आडनाव फाटकावर ठळक लिहायचं की नाही ह्यावर आबांनी बरेच दिवस घालवले होते. चंद्राबाईने रंगाऱ्याला सांगून ते मोठं लिहून घेतलं. मग कळ्या जायला लागल्या. उमलायच्या बेतातल्या, पहाटेच्या, हात पोचेल तेवढ्या उंचीच्या. आबा चिडले होते. त्यांना राग असा क्वचित यायचा. म्हणाले, आपल्या घरचं पाणी ह्यांना चालत नाही आणि फूल चालतं? मागून न्यायला काय होतं? चंद्राबाई भाकरी थापत होती. ती हसायला लागली, इतकी की पिठाचा हात तोंडावर गेला. "आवं, मागितलं की देणारं आलं, घेणारं आलं. मग नावगाव आलं. त्यापेक्षा चोरूंद्या की. आपल्या दारचं फूल त्यांच्या देवाच्या डोक्यावर बसतंय रोज, आन् तुमी रडताय." घरात देव नव्हते. बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, त्यांना ती वरच्या फांदीची फुलं काढायची, खालच्या फांद्यांना हात लावायची नाही. आणि आबा पहाटे उठले की म्हणायची, थांबा, आताच दिवा लावू नका. आबांना वाटायचं, वीज वाचवते.

हे त्यांना आत्ता कळत होतं, ती जाऊन वर्ष झाल्यावर, ओट्यावर कॅमेऱ्यांच्या खोक्यांच्या गराड्यात बसून. ती गेल्यावरही आपण अंधारातच चहा पीत आलो, सवयीने, आणि कळ्या जात राहिल्या. म्हणजे तिचं एक काहीतरी चालू होतं. ते आपण एका बटणाने मोडलं.

पण ती बाई लालासाहेबाची शालूबाईच कशावरून? निळ्या पट्ट्याच्या चपला सांगलीत हजार असतील. आबा दोन दिवस वसाहतीतल्या बायकांच्या पायांकडे बघत होते आणि ते लक्षात आल्यावर शरमेने मान वर करून चालू लागले आणि खड्ड्यात पडता पडता वाचले. शालूबाई लालासाहेबाची बायको. माहेर म्हसवडकडचं, बोलणं अजून तिकडचंच. रविवारी सिद्धनाथाचा उपास. इतक्या वर्षांत ती आबांच्या फाटकाच्या आत आली नव्हती, निदान कुणाच्या देखत तरी. चंद्राबाई दवाखान्यातून घरी आली तेव्हा शालूबाईने फाटकावरून पिठल्याचा डबा दिला. आबांनी तो धुऊन, रिकामा देऊ नये म्हणून त्यात शेंगदाणे घालून परत नेला, तर ती म्हणाली, राहू द्या तुमालाच. आबा तो डबा हातात घेऊन परत आले आणि कित्येक दिवस त्यांना ठरवता आलं नाही की हे प्रेम होतं की तो डबा तिला आता नको होता. चंद्राबाईला विचारलं तर ती, इतकी थकलेली असूनही, पुन्हा हसली. म्हणाली, दोनी असंल. तो डबा अजून स्वयंपाकघरात होता. त्यात चहापूड होती.

दुपारी पृथ्वीराज शिडी लावून तो बोलणारा कॅमेरा बसवून गेला. दोन दिवस वापरून बघा काका, पटला तर ठेवू, नाहीतर बदलू. बोलणं त्याने आबांच्या विनंतीवरून बंद ठेवलं, घंटा मात्र चालू. ती प्रबुद्धच्या मोबाइलवर वाजणार. लालासाहेबाचा मोबाइल कॅमेरा पक्का बसवताना जोडायचा होता. कॅमेरा भिंतीवरून फाटकाकडे आणि झाडाकडे बघत होता, आणि आबा त्याच्याखालून ये-जा करताना उगाचच शर्टाची बटणं तपासत होते. संध्याकाळी ते झाडाला पाणी घालत असताना शालूबाई फाटकाशी थांबली. पायात नव्या चपला होत्या, तपकिरी. आबांनी लगेच नजर उचलली.

"सर, ह्यो कॅमेरा कुठनं कुठवर बगतो म्हनं?"

आबा म्हणाले की फाटकापर्यंत बघतो म्हणतात.

"आन् झाड?"

"झाडही दिसतं."

तिने पदर खांद्यावरून सारखा केला. वर कॅमेऱ्याकडे बघितलं नाही, ओट्यावरच्या पिशवीकडे बघितलं. पिशवी पारदर्शक होती.

"बरं हाय," ती म्हणाली. "चोर लय झाल्यात." जरा पुढे गेली आणि मागे न वळता म्हणाली, "चंद्राताईनं कवा कुलूपसुदिक लावलं न्हाई फाटकाला."

पाण्याची नळी आबांच्या पायावर वाहत राहिली. मग ते आत गेले आणि त्यांनी मोबाइल हातात घेऊन ठेवला, हातात घेऊन ठेवला. प्रबुद्धला सांगायचं? काय सांगायचं? की शेजारची बाई आपल्या अंगणातून देवासाठी फुलं चोरते आणि मला ती चोरायला हवी आहे? तो म्हणेल, मग तिला सांगा ना, काकू रोज या, घेऊन जा. तो लहानपणीच शिकायला पुण्याला गेला, तिथेच वाढला. त्याच्या फाटकाशी हळदीकुंकू वळलं नव्हतं. आणि कॅमेरा नको म्हटलं तर पुणे. आणि कॅमेरा राहिला तर ती येणार नाही; आणि समजा, न कळून आलीच, तर लालासाहेब आपल्या खाटेवर बसून, चष्मा लावून, स्वतःच्या बायकोला सरतापेंच्या जास्वंदीखाली अनवाणी उभी असलेली बघेल. त्याच्या बंगल्यावर चार कॅमेरे होते, चारही बाहेर बघणारे. न्हाणीमागचं दार त्यातल्या एकालाही दिसत नसावं. आबांना त्याची कीव आली आणि लगेच स्वतःची, कारण आपणही दिवा लागेपर्यंत काय बघितलं होतं?

झोप आली की नाही ते सांगता येणार नाही. पहाटे ते उठले आणि त्यांच्या मनात एकच गोष्ट स्पष्ट होती, ती म्हणजे चप्पल. ती पिशवीत खिळ्याला टांगलेली बरी नव्हे. ती जिथे होती तिथे ठेवावी, खांबाला लागून, बोटं रस्त्याकडे. मग तिला न्यायची असेल तर हात घालून नेता येईल. त्यांनी दार हळूच उघडलं. आपल्या स्वतःच्या चपला फरशीवर फटफट वाजतात, लालासाहेबाची झोप फौजी, म्हणून त्या त्यांनी काढून डाव्या हातात घेतल्या. उजव्या हातात ती एक. दिवा लावला नाही. अंगण गार होतं आणि तळव्यांना खडे टोचत होते. असे टोचणारे खडे त्यांना कुठूनतरी ओळखीचे वाटले. ते झाडाखाली पोचले. खालच्या फांद्या कळ्यांनी वाकल्या होत्या. इतक्या दिवसांच्या, कुणी न तोडलेल्या. काही उमलून, गळून, जमिनीवर चिकट झालेल्या. पावलाला एक लागली.

तेवढ्यात खिशातला मोबाइल थरथरला. आबा इतके दचकले की हातातलं सगळं पडणार होतं. निळी चप्पल काखेत धरून त्यांनी तो कानाला लावला.

"आबा, हळू बोला," प्रबुद्ध कुजबुजत होता, पुण्याहून. "दार उघडू नका. अंगणात कुणीतरी शिरलंय. मला दिसतंय. म्हातारा माणूस आहे, वाकून चालतोय. चपला हातात घेतल्यात त्याने. मी लालासाहेबकाकांना फोन लावतो."

आबांनी वर बघितलं. भिंतीवर एक बारीक तांबडा ठिपका होता. त्या ठिपक्यातून तिकडे जे दिसत होतं ते त्यांना न बघताही दिसलं. वाकलेली पाठ, धोतराऐवजी पायजमा एवढाच फरक, हातात चपला, आणि पुढे आळी, जी संपत नाही. ते बघणारं पोर तिकडे होतं आणि त्याला माणूस ओळखू येत नव्हता.

"लावू नको कुणाला," ते म्हणाले. "मी आहे रे."

मग प्रबुद्धने मोठा श्वास सोडला आणि जरा चिडून, जरा घाबरून विचारलं, "अहो पण चपला हातात कशाला?"

आणि आबांच्या तोंडून, विचार करायच्या आधी, ते आलं.

"झिजतात म्हणून."

बोलून झाल्यावर ते स्वतःचाच आवाज ऐकत उभे राहिले. प्रबुद्ध तिकडे काहीतरी म्हणत होता, की तुम्ही असं अंधारात फिरू नका, की डॉक्टरांना एकदा दाखवू या. आबा हो हो म्हणाले. वडिलांनी हे म्हटलं तेव्हा त्यांना कसं वाटलं असेल ह्याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. त्यांना वाटायचं, बाने आपल्याला फसवलं. आता वाटलं, बाला कदाचित एवढंच सांगता आलं. दुसरं काही सांगायला घेतलं असतं तर आळीच्या टोकापर्यंत पोचलेच नसते दोघं. त्यांनी वाकून ती निळी चप्पल खांबाला लागून ठेवली. मग आपल्या दोन्ही चपला जमिनीवर टाकल्या, पाय घातले, आणि फटफट आवाज करत, लालासाहेब उठला तर उठो, घरात आले.

पृथ्वीराज दुपारी आला. लालासाहेब आधीच आला होता, पुरावा कुठं गेला म्हणून अंगण धुंडाळत. चप्पल खांबाशीच होती. दिवसाउजेडी ती तिथे त्याला दिसली नाही, आणि आबांनी दाखवली नाही. पृथ्वीराजने शिडी टेकवली आणि विचारलं, मग काका, ठरलं का, नेमकं काय बघायचंय? आबा खुर्चीतून उठले.

"माझं दार," ते म्हणाले. "नुसतं दार दिसू दे. मी आत गेलो, बाहेर आलो, एवढं पोराला कळलं की झालं."

लालासाहेब म्हणाला, "आवं सर, मग चोर?"

"तो फुलांचा चोर आहे."

"आज फुलं, उद्या टीव्ही."

"नेऊ दे टीव्ही. मी बघत नाही."

लालासाहेबाने पृथ्वीराजकडे बघून डोक्याजवळ बोट फिरवल्यासारखं केलं, पण मायेने. पृथ्वीराजला काही देणंघेणं नव्हतं. त्याने बोलणारा काढला, साधा घुमटाचा फाटकाच्या आतल्या खांबावर बसवला, तोंड घराकडे, पाठ झाडाला. प्रबुद्धला फोन करून चित्र नीट येतंय का विचारलं. लालासाहेबाच्या मोबाइलवरही जोडून दिलं. लालासाहेब आपल्या पडद्यावर आबांचं बंद दार बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, हे काय बघायचं सर. आबांनी त्याला चहा केला. चहापूड त्या डब्यातून काढली आणि झाकण लावताना त्यांचा हात जरा थांबला.

दुसऱ्या पहाटे ते नेहमीसारखे अंधारात बसले. कपातून वाफ येत असावी, दिसत नव्हती. ती येईल असं काही नव्हतं. कॅमेरा फिरवलेला तिने पाहिला असेल, पाहिला नसेल. पाहून तिला वाटलं असेल की सरांना कळलंय, आणि कळलं म्हटल्यावर चोरीत काय राहिलं? मग तीही आपल्यासारखीच आत्ता कुठेतरी अंधारात उभी राहून ठरवत असेल. आबांना वाटलं, आपण पुन्हा चूक केली. आधी दिवा लावून, आता न लावून.

मग कडी उचलल्याचा आवाज आला, लोखंडाला लोखंड न लागू देता उचलल्याचा. थोडा वेळ काहीच नाही. मातीवर चपला काढून ठेवल्याचा आवाज, एक, आणि दुसरी. देवासाठी काढत असेल. किंवा वाजू नयेत म्हणून. किंवा आणखी कशासाठी, जे तिला विचारलं तर तीही सांगणार नाही, किंवा सांगेल ते खरं नसेल. फांदी खाली वाकली. आबांच्या घशात खोकला आला. हात बटणापासून दूर, मांडीवर होता, तो त्यांनी तोंडावर घट्ट धरला आणि खोकला गिळला.